ज्याचा हात, त्याची चिठ्ठी

कुसुमताई रामटेके यांच्याकडे एक गोल आरसा होता. तळहातात मावेल एवढा, पाठीवर हिरवा पत्रा, मेळ्यात मिळतो तसला. त्या आरशात त्यांनी स्वतःचा चेहरा पाहिलेला मला आठवत नाही. तो आरसा दुर्बिणींसाठी होता.

दुर्बीण म्हणजे तारे बघायची नव्हे, पोटाची. बोटाएवढी जाड, काळी, लवचीक नळी. ती तोंडातून आत घालतात आणि डॉक्टर पडद्यावर पेशंटचं जठर बघतात. तिच्या आतून दोन-तीन बारीक वाटा जातात, हवेची, पाण्याची, अवजार घालायची. एकाच्या पोटातून निघालेली नळी उद्या दुसऱ्याच्या पोटात जाणार, म्हणून मध्ये ती धुवायची, आतून ब्रश फिरवायचा, रसायनात बुडवून ठेवायची, शुद्ध पाण्याने खंगाळायची, स्पिरिट सोडायचं आणि पंपाने हवा मारून सुकवायची. मग कपाटात उभी टांगायची. जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात हे काम कुसुमताई करत. ते रुग्णालय आता त्या नावाने उरलेलं नाही, म्हणून नाव सांगत नाही. मी त्या विभागाचा इनचार्ज होतो. म्हणजे काम त्या करत आणि सही मी करत असे.

अर्धा तास हवा मारून झाली की कुसुमताई आरसा स्पिरिटने पुसत, नळीचं टोक काचेपासून बोटभर अंतरावर धरत आणि पंप पुन्हा एकदा दाबत. काचेवर वाफ धरली, एखादा बारीक थेंब उडाला, की म्हणत, "रडून राहिली अजून." मग पुन्हा पंप. काच कोरडी राहिली की नळीला म्हणत, "झालं तुझं? चल आता." आणि तिला कपाटात टांगत.

एकदा एका कंपनीचा माणूस सुकवणीचं महागडं कपाट विकायला आला होता. ताईंचा आरसा पाहून तो हसला. ताई म्हणाल्या, "हसा साहेब. तुमच्या कपाटाले वीज लागते. माह्या आरशाले नाही लागत." त्याला मराठी कळली नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हिंदीत सांगितलं, तोही हसला, ताईही हसल्या. आमच्या विभागात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. डॉक्टर, नर्स, मॅनेजर, पेशंट, सगळा कारभार हिंदीत. त्यामुळे ताई मराठीत काही बोलल्या की सगळे माझ्याकडे बघत. चौदा वर्षं त्यांचा दुभाष्या मी होतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

दोघांची मराठीही एक नव्हती. आमचं घर शहरातल्या दीक्षितपुऱ्यातलं. पूर्वज कोणीतरी मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि राहिले. आमच्या घरची मराठी जपून ठेवलेली, थोडी पुस्तकी. ताईंचे वडील भंडाऱ्याकडून इथल्या तोफगाड्यांच्या कारखान्यात कामाला आले. ताई राहायच्या गढा भागात, बोलायच्या भंडाऱ्याची भाषा. मला 'भाऊ' म्हणायच्या, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या असूनही 'तुम्ही' म्हणायच्या. चौदा वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं, त्यांच्या डब्यातली तिखट भाजी मी कितीदा खाल्ली असेल. पण त्यांच्या घरी मी एकदाही गेलो नाही. का, हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीही स्वतःला विचारलं नाही.

वडिलांकडून ताईंनी एक रीत आणली होती. वडील कारखान्यात लाकडी पेट्या भरायचे. पेटी भरली की भरणाऱ्याने आपल्या नावाची आणि वेळेची चिठ्ठी आत टाकायची. शेकडो कोस दूर कुठे पेटी उघडली आणि काही कमी निघालं, तर चिठ्ठी सांगणार कोणाचा हात होता. ताई सांगायच्या, "बाप म्हणे, पोरी, साहेब खोटं बोलन, रजिस्टर खोटं बोलन. पेटीतली चिठ्ठी नाही बोलत. ज्याचा हात, त्याची चिठ्ठी." ही रीत त्यांनी आमच्या कपाटात आणली. ज्याने दुर्बीण सुकवून टांगली, त्याने आपल्या नावाची आणि वेळेची चिठ्ठी दोऱ्याने तिच्या मुठीला बांधायची. सकाळी आल्या आल्या त्या आपल्या नावाच्या दहा-बारा चिठ्ठ्या लिहून बिस्किटांच्या एका चपट्या डब्यात ठेवत. वेळेची जागा तेवढी कोरी. माझ्या नावाच्या चिठ्ठ्या मी कधी करूनच ठेवल्या नाहीत. लागायच्याच नाहीत.

टांगलेली दुर्बीण किती दिवसांपर्यंत न धुता पुन्हा वापरायची, यावर आमचं नेहमीचं भांडण. भिंतीवर नियमाचा कागद होता, त्यावर सात दिवस लिहिलेलं. सात उलटले की पुन्हा सगळं पहिल्यापासून. ताईंना सात मान्य होते, फक्त वाकडीच्या बाबतीत नव्हते. दुर्बिणींना त्यांनी नावं ठेवली होती. थोरली, धाकटी आणि वाकडी. पित्तनळीत अडकलेला खडा काढायची ती वाकडी. तिचा डोळा समोर नसतो, बाजूला असतो आणि तोंडाशी एक चिमुकला खटका असतो. त्या खटक्यामागे घाण लपते, पाणीही लपतं. शिवाय ती रोज लागत नाही, टांगून राहते. ताई तिला तिसऱ्या दिवशी उतरवून पुन्हा धूत.

मी म्हणायचो, "ताई, कागदावर सात आहेत."

"कागद थोडी पोटात जाते भाऊ? पोटात वाकडी जाते."

"मग सात कशाला लिहिले असतील?"

"ते सुकलेलीचे सात. ओली टांगली तं सात घंटे बी जास्त झाले. सुकलेली टांगली तं सात दिवस बी चालते. दिवस मोजून काय होते? पहिल्या दिवशी काय टांगलं, ते पाहा ना."

त्यानंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचलं आहे. कोणी सात दिवस म्हणतं, कोणी त्याहून कमी, कोणी महिनाभरही चालेल म्हणतं. दिवसांवर मतभेद आहेत, ओलीवर नाहीत. ओल राहिली की त्या बारीक वाटेत जंतू रातोरात वाढतात. कुसुमताई दहावी नापास होत्या.

आता ती संध्याकाळ.

बाबासाहेबांच्या जयंतीचा आदला दिवस. ताईंच्या वस्तीतल्या विहारात दुसऱ्या दिवशीची खीर त्यांच्याकडे असायची, दरवर्षी. आणि जयंतीनंतर त्या आठवडाभर बहिणीकडे नागपूरला जाणार होत्या, रजा मीच मंजूर केली होती. त्या दिवशी वाकडीचं एक काम उशिरा संपलं. ताईंनी ती धुतली, रसायनातून काढली, खंगाळली. साडेपाच झाले. घरून दोन फोन येऊन गेले, दूध आलंय, तांदूळ कुठं आहे. पण ताई पंपाला हात लावून उभ्या.

मी म्हणालो, "जा ताई. एवढं मी करतो."

"नाही भाऊ, अर्ध्या घंट्याचं तं काम आहे."

"अर्ध्या तासाचंच आहे ना? मग मला जमणार नाही का?"

त्या हसल्या. "जमन. काहून नाही जमन." मग पिशवी उचलता उचलता, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पूर्ण अर्धा तास हवा मारा. आरसा धरा. चिठ्ठी तुमची लावा. अन् तिसऱ्या दिवशी वाकडी पुन्हा काढा, मी नाही इथं."

"हो, हो. खीर खाऊन या."

"तुमच्यासाठी आणीन ना डब्बा. नाही तं चला तुम्हीच," असं म्हणून त्या गेल्या.

मी पंप सुरू केला. सात-आठ मिनिटं झाली असतील, घरून बायकोचा फोन. कूलर बसवायला माणूस आलाय, खिडकीचं माप जमत नाही, तो निघून चाललाय, पुन्हा चार दिवस मिळायचा नाही. एप्रिलचा महिना, घरात आईला उकाड्याने झोप नव्हती. मी पंप बंद केला. वाकडी कपाटात टांगली. चिठ्ठी शोधली. माझ्या नावाची नव्हती, कोरा कागदही समोर नव्हता. ताईंचा डबा उघडा होता. त्यांच्या नावाची एक चिठ्ठी घेतली, वेळेच्या जागी 'सहा वाजून दहा' लिहिलं आणि बांधली. तेव्हा सहासुद्धा वाजले नव्हते. माझ्या मनात काही कपट नव्हतं, हे मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो. हाताशी होती ती चिठ्ठी लावली, इतकंच. त्या संध्याकाळचं आणखी एक सांगायचं आहे. ते मला एकदम सांगवत नाही.

तिसऱ्या दिवशी मी वाकडी काढली नाही. विसरलो असं नाही. कागदावर सात होते.

सहाव्या दिवशी जवळच्या सिहोरा गावचे पटेल आले. गूळ आणि धान्याचं छोटं दुकान, साठीचे, डोळे हळदीसारखे पिवळे. पित्तनळीत खडा. बरोबर मुलगी, सरिता. सकाळच्या बसने आलेले दोघं. खडा आजच काढायचा ठरलं. डॉक्टर साहेबांनी हातमोजे चढवता चढवता विचारलं, "ये वाली कब की है?"

मी चिठ्ठी पाहिली. "छह दिन, सर. सात के अंदर है."

"टैग किसका है?"

"रामटेके दीदी का."

"फिर क्या देखना," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य मी नंतर फार वेळा ऐकलं आहे, एकटा असताना. सात-आठ मिनिटांत उरकलेल्या माझ्या कामावर त्या बाईंच्या चौदा वर्षांच्या नावाची चिठ्ठी होती, म्हणून पुढे कोणी काही पाहिलं नाही. माझी चिठ्ठी असती तर डॉक्टरांनी कदाचित विचारलं असतं.

खडा निघाला. पटेल संध्याकाळी उठून बसले. सरिताने मला विचारलं, "भैया, बाबूजी को घर की खिचड़ी कब से दे सकते हैं?" मी म्हणालो, कल से. दुसऱ्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप भरला. तिसऱ्या दिवशी रक्तदाब खाली गेला. खडा काढल्यापासून सहाव्या दिवशी ते गेले.

वाकडीच्या वाटांमधून सलाइन सोडून काढलेलं पाणी तपासायला पाठवलं. त्यात जे जंतू वाढले, तेच पटेलांच्या रक्तात होते.

मॅनेजर साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मॅनेजर, डॉक्टर, मी आणि नागपूरहून परतलेल्या कुसुमताई. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ती चिठ्ठी. मॅनेजरांनी ती ताईंपुढे सरकवली. "ये आपका नाम है?"

ताईंनी पिशवी उचलली, जवळ धरली, चिठ्ठी उलटसुलट पाहिली. वेळेचे आकडे माझे होते. चौदा वर्षं त्या माझे आकडे पाहत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मराठीत बोलल्या, हळू, एकेक शब्द वेगळा करून. "नाव माझं आहे. पण वेळ माझी नाही, हात माझा नाही. ज्याचा हात आहे तो इथंच बसून आहे. तो सांगन."

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे. "क्या कह रही हैं?"

मी म्हणालो, "कह रही हैं, इनको ठीक से याद नहीं है."

कुसुमताईंची हिंदी माझ्यापेक्षा चांगली होती. बाजारात, बसमध्ये, कंपाउंडरांशी त्या हिंदीत भांडत, हिंदीत जिंकत. मी काय बोललो ते त्यांना अक्षर न् अक्षर कळलं. मी वाट पाहिली, आता बोलतील. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. वाफ धरते का, ते आरशात बघावं तसं. मग त्यांनी मान खाली घातली, आपली कापडी पिशवी खांद्याला अडकवली आणि मॅनेजरांना म्हणाल्या, "ठीक है साहब."

त्या दिवशी साडेपाचला ताई गेल्याची नोंद हजेरीच्या रजिस्टरात होती. चिठ्ठीवर सहा दहा. दोन्ही शेजारी ठेवून कोणी पाहिले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. रजिस्टर माझ्याच कपाटात होतं. कोणी मागितलं नाही, मी दिलं नाही.

ताईंना काढून टाकलं. दुसऱ्या कुठल्या रुग्णालयाने त्यांना घेतलं नाही. जबलपूर तेवढं मोठं नाही, अशी बातमी आधी पोचते. पटेलांची मुलगी त्यांच्या घरी गेली आणि भर दुपारी दारात उभी राहून नाही नाही ते बोलली, हे मला आमच्या एका वॉर्डबॉयकडून कळलं. तो त्यांच्याच गल्लीत राहायचा. "दीदी चुपचाप सुनती रहीं, फिर उसको पानी दिया," असं त्याने सांगितलं. पुढे ताई घरी मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करू लागल्या, हेही त्याच्याचकडून कळलं. मी विचारायचो नाही, तो सांगायचा.

आरसा मात्र त्या कपाटातच ठेवून गेल्या होत्या. तो मी घेतला. ते रुग्णालय नंतर विकलं गेलं, मी दुसरीकडे लागलो, आरसा बरोबर नेला. तिथे मी दुर्बिणी स्वतः सुकवू लागलो. अर्धा तास, घड्याळ लावून. चिठ्ठी माझ्या नावाची. नवी मुलं म्हणतात, सर बहुत स्ट्रिक्ट हैं. मी काही सांगत नाही.

नऊ वर्षं अशी गेली. गेल्या उन्हाळ्यात पेशंटांच्या यादीत एक नाव वाचलं आणि माझा हात थांबला. रामटेके कुसुम. तक्रार, घास गिळताना अडकतो.

त्या सुनेबरोबर आल्या होत्या. निम्म्या झालेल्या. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं की नाही, ते कळलं नाही. टेबलावर डाव्या कुशीवर झोपल्या. मी थोरलीसारखीच एक दुर्बीण हातात घेऊन उभा होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कधीची आहे भाऊ?"

"काल संध्याकाळची."

"चिठ्ठी?"

"माझ्या नावाची."

"आरसा धरला?"

"धरला. तुमचाच आहे. कोरडा होता."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि तोंड उघडलं. नऊ वर्षांपूर्वी मी जे केलं, त्यानंतर या बाईंनी माझ्या शब्दावर तोंड उघडलं. दुसरा इलाज नव्हता म्हणून असेल. पण उघडलं.

अन्ननलिकेत गाठ होती. मोठी. डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासायला काढून घेतला.

पावसाळा सरताना मी पहिल्यांदा गढ्याला त्यांच्या घरी गेलो. चौदा वर्षं आणि नऊ वर्षं, आणि घर रिक्षाने वीस मिनिटांवर होतं. एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा. शिलाई मशीनवर झाकण, त्यावर औषधं. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. ताई खाटेवर होत्या, पाणीसुद्धा चमच्याने घेत होत्या. आवाज घोगरा, पण शब्द साफ. सुनेला म्हणाल्या, "भाऊ आले, चहा ठेव. बिनासाखरेचा नको देऊ, गोड पितेत ते."

मी पाठ करून गेलो होतो. म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी अर्धा तास हवा मारली नाही."

"ते तं मले तवाच समजलं."

"तुमची चिठ्ठी लावली."

"तेबी दिसलं. आकडे तुमचे होते."

"मग तुम्ही हिंदीत का नाही सांगितलं? तिथल्या तिथे?"

त्या थोडं हसल्या. हसताना त्यांना त्रास होत होता. "कोणी ऐकलं असतं भाऊ? चिठ्ठीवर नाव माझं. धुणारी मी. तुम्ही सही करणारे. अन् मले पाहायचं होतं, तुम्ही काय सांगता ते. चौदा वर्षं माहं बोलणं बरोबर सांगत आले होते तुम्ही."

मी म्हणालो, आता सांगतो. लिहून देतो, सही करून. त्या म्हणाल्या, "कोणाले देता? ते मॅनेजर कुठं आहे, कोणाले माहीत? दवाखाना बी नाही राहिला. आता माह्या नावाची चिठ्ठी कोण पाहून राहिलं?"

हे खरं होतं. चहा आला. मी कप हातात धरून बसलो. मग ताई कुशीवर वळल्या, माझ्याकडे तोंड करून, आणि अगदी सहज, पूर्वी पंपाशी उभ्या असताना विचारायच्या तसं म्हणाल्या, "एक विचारू का? आरसा धरला होता?"

जे मला एकदम सांगवत नाही असं वर म्हटलं, ते हे.

मी खोटं बोलू शकलो असतो. 'नाही धरला, घाईत राहून गेलं,' इतकंच म्हणायचं होतं. त्यांनाही तेच ऐकायचं होतं, हे मला नंतर कळलं. पण एकदा त्यांच्यासमोर खोटं बोलून झालं होतं. मी म्हणालो, "धरला होता."

"मग?"

"थेंब आला होता, ताई. दिसला मला. मी आरसा पुसला आणि वाकडी टांगली."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग ताई म्हणाल्या, "नऊ वर्षं मी म्हणून राहिली, का यानं आरसाच धरला नसन. घाईत विसरला असन. माणूस विसरते. चिठ्ठीचं बी भीतीनं बोलला असन, लेकरंबाळं आहेत." थांबल्या. "पुसला," एवढा एकच शब्द पुन्हा म्हणाल्या. आणि सावकाश, अंग सावरत, भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

मी उठलो तेव्हा भिंतीकडूनच आवाज आला. "चहा पिऊन जा. टाकू नका."

मी उभ्याने प्यायलो. गोड होता.

बारा दिवसांनी ताई गेल्या. मी अंत्यविधीला गेलो, मागे उभा राहिलो. वंदना झाली, लोक पांगले. सुनेने मला ओळखलं, मान हलवली. तिला सासूने काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही. हिंमत हा शब्द माझ्या बाबतीत वापरू नये, पण दुसरा सापडत नाही.

त्या महिन्यातच मी सिहोऱ्याला गेलो. ज्यांना सांगायचं त्यांच्यापैकी एक तरी माणूस उरलं होतं. पटेलांचं दुकान आता सरिता चालवते. केसांत पांढरं आलंय, चष्मा लागलाय. तिने मला ओळखलं नाही. गिऱ्हाईक नसताना मी तिला सगळं सांगितलं, हिंदीत, क्रमाने. पंप, कूलरवाला, आरसा, थेंब, चिठ्ठी, मॅनेजरची खोली. काही गाळलं नाही. ती ओरडेल, मारेल, पोलिसात चल म्हणेल, असं मनात धरून गेलो होतो. खरं सांगायचं तर तशी आशाच होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एक बाई गूळ घ्यायला आली. तिला तोलून दिला, पुडी बांधली. गाठ नीट बसली. बाई गेल्यावर तिने विचारलं, "वो दीदी अब कहाँ हैं?"

मी सांगितलं.

सरिता खाली बसली, धान्याच्या पोत्यावर. चष्मा काढून पदरात धरला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. मी तिच्या वडिलांचा मारेकरी म्हणून तिच्यापुढे उभा होतो आणि तिला माझ्याशी काही घेणं नव्हतं. ती त्या दुपारी परत जाऊन उभी राहिली होती, गढ्यातल्या त्या दारात, जिथे तिला कोणीतरी पाण्याचा पेला दिला होता. नऊ वर्षं जे ओझं माझं एकट्याचं होतं, त्यातलं निम्मं मी तिच्या डोक्यावर ठेवायला बसने आलो होतो, हे मला तेव्हा कळलं. माझं मात्र काही कमी झालं नव्हतं.

मग ती जे बोलली, ते मी इथे मराठीत करत नाही. कुसुमताईंच्या बोलण्याचं मी एकदा हिंदीत केलं होतं, ते पुरे झालं. ऐकलं तसं ठेवतो.

"उनके दरवाज़े पे खड़े होके मैं क्या-क्या बोल आई थी, भैया. अब वो मैं किससे वापस लूँ?"